काचेविना भिंग

प्रकाश वळवायला काच लागतेच असं नाही. काळ्या-पांढऱ्या वलयांची एक चकती पुरते. फक्त वलयं नेमक्या जागी हवीत. झोन प्लेट म्हणतात तिला. माझ्या पेटीकॅमेऱ्यात फिल्म चकतीपासून १०० मिमीवर असते. हिरवा प्रकाश धरून हिशेब केला की पहिल्या वर्तुळाची त्रिज्या ०.२३५ मिमी येते. पुढच्या त्रिज्या क्रमांकाच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतात, म्हणजे चौथी दुप्पट, नववी तिप्पट. वलयं बाहेर बारीक होत जातात, क्षेत्रफळ मात्र प्रत्येकाचं तेवढंच. शेजारशेजारच्या वलयांतून आलेले तरंग फिल्मवर एकमेकांना मारतात, म्हणून एकाआड एक वलय काळं करायचं. उरलेले तरंग एका तालात पोचतात.

विसावं वलय जेमतेम ०.०२६ मिमी रुंद. ते त्या मापात थेट छापलं तर कडा दातेरी येते. म्हणून चकती पन्नासपट मोठी छापायची, भिंतीवर सपाट चिकटवायची आणि लिथ फिल्मवर, म्हणजे फक्त काळं-पांढरं उमटवणाऱ्या छपाईच्या फिल्मवर, फोटो काढून लहान करायची. छापखान्यांत सीटीपी, म्हणजे संगणकावरून थेट प्लेट, आल्यापासून ही फिल्म मिळवणं हेच मोठं काम झालंय. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमात येण्याआधी छपाईचे ब्लॉक बनवायचे. हाफटोनच्या जाळीच्या काचेतून फोटोचे ठिपके पाडणं हा याच कुळातला उद्योग.

काचेच्या भिंगात निळा रंग जवळ एकवटतो, लाल लांब. इथे सगळं उलटं : लाल ८५ मिमीवर, निळा १२२ वर. मी हिरवा फिल्टर लावून कृष्णधवल फिल्म वापरतो. तरीही फिल्मवर नीट एकवटतो तो प्रकाश दहा टक्केच; पाव हिस्सा न वळता सरळ जातो आणि उजळ गोष्टींभोवती धूसर प्रभावळ उभी करतो. लोक याला दोष म्हणतात. मला विचाराल तर विषय चुकतो. नाशिकच्या काळाराम मंदिराच्या काळ्या दगडी भिंतीवर ही चकती वाया जाते, चित्र नुसतं मळकट येतं. गोदावरीच्या रामकुंडावर सकाळी या. ओल्या पायरीवरचा पितळी तांब्या असा उजळतो, की महागडी लेन्स तिथे कोरडी वाटावी.

वलयं वाढवली की चित्र रेखीव होतं, पण रंगांची फारकतही उघडी पडते. क्ष-किरणांच्या सूक्ष्मदर्शकात शेकडो वलयांच्या चकत्या चालतात, कारण तिथे एकच तरंगलांबी निवडून घेतलेली असते. गोदाघाटाच्या उन्हात, फिल्टर लावूनही, तेवढी निवड होत नाही. मी विसावर थांबतो.