त्रिकोण नसलेला डोंगर

बुलडाणा, 12 मे

चि. मुक्ता,


तुझं चित्र पोचलं. नदी, झोपडी, दोन टोकदार डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य. रंग अगदी स्वच्छ लावलेस. पण खाली 'मामाचं गाव' लिहिलंस, म्हणून हे पत्र. आपल्याकडे असा डोंगर नाही गं.

काल पहाटेच राजूर घाटात चित्र काढायला जाऊन बसलो. ही अजिंठ्याचीच रांग. माथा पाटासारखा सपाट. खाली कडा, मग उतार, पुन्हा कडा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याची ही घडण. रस्त्यासाठी फोडलेल्या दरडीला हात लावून पाहिला. काळा दगड ठोकळ्याठोकळ्यांनी सुटलेला, फटीत वाळलेलं गवत.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात रंगवलेला पद्मपाणी आठव. त्याच्या मागचे डोंगर असेच, ठोकळ्यावर ठोकळा. असा चेहरा काढणाऱ्याला डोंगर कसा जमला नाही, असं मला लहानपणी वाटायचं. आता वाटतं, त्याला डोंगर चांगलाच जमला होता. वाघूर नदीवरचा कडा तो रोज बघत असणार. पंधराशे वर्षांपूर्वी त्याने आपला दगड ओळखला. आपण मात्र शाळेत त्रिकोण काढायला शिकतो आणि मग खिडकीबाहेर बघतच नाही.

मे महिन्यात हिरवा रंग फारसा लागत नाही. सागाला पान नाही, उतार तांबूस-पिवळे. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना मिसळला की दगडाचा करडा नेमका मिळतो. तयार काळा लावू नकोस, डोंगर मरतो.

पूर्णेच्या खोऱ्यापलीकडे सातपुडा दिसत होता, एक फिकट निळी रेघ. तो मी आधी काढला आणि चुकलो. रंग गडद पडला, सातपुडा एकदम दारात आला आणि अख्खं खोरं नाहीसं झालं. ओला कुंचला फिरवून, टिपकागदानं दोनदा टिपून त्याला मागे ढकललं. तोवर नऊ वाजले, धूळ उठली आणि खराखुरा सातपुडाही पुसला गेला. चित्र अर्धंच आहे.

सुट्टीत ये. मलकापूर स्टेशनवर घ्यायला येतो. घाट चढताना खिडकीशी बस. आणि बर्न्ट सिएनाची एक ट्यूब आण, माझी संपत आली आहे.

तुझा
मामा