कोपऱ्यात उभी राहिलेली

मीरा रोड, रविवार रात्र

ज्युलिया क्विनची ‘रोमान्सिंग मिस्टर ब्रिजर्टन’ (२००२) आज वाचून संपली. तिची नायिका पेनेलपी सोळाव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर, १८१२ मध्ये, कॉलिन ब्रिजर्टनच्या प्रेमात पडते. नृत्याच्या समारंभात तिला कुणी विचारत नाही, घरात तिचं मत कुणी मागत नाही. कॉलिन तिच्याशी आपुलकीनं बोलतो, पण मैत्रीण म्हणूनच. त्याला ती खऱ्या अर्थानं दिसते ती १८२४ मध्ये. बारा वर्षं! आणि या काळात तिनं नुसती वाट पाहिलेली नाही. टोपणनावानं लिहून तिनं सारं लंडन हलवलंय. मला हेच फार आवडलं. तिच्यातली लेखिका ओळखल्याशिवाय कॉलिनचं प्रेम पुरं होत नाही.

आपल्याकडची ऐतिहासिक प्रेमकथा म्हटली की ‘राऊ’ आठवते, ‘स्वामी’ आठवते. दोन्ही मला प्रिय. पण त्यात प्रेम आहे ते पेशव्यांच्या घरचं. बुजऱ्या, साध्या मुलीचं नाही. मग ती मुलगी कुठे गेली? इथेच, भाईंदरच्या चौक गावाजवळ धारावी किल्ला आहे. १७३९ च्या वसई मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. त्या धामधुमीत इथल्या कोळीवाड्यातही कुणी अबोल मुलगी असेलच, आणि तिच्याबरोबर लहानाचा मोठा झालेला कुणी नाखवाही.

मराठी कादंबरीकारांनो, तिची गोष्ट लिहा. मी वाचायला तयार आहे.