नैनीताल : सरोवराचा ताळेबंद

काठगोदामला लोहमार्ग संपतो. तेथून सुमारे ३५ किलोमीटरांचा घाट चढून गेल्यावर डोंगरांच्या कुशीतील नैनीतालचे सरोवर दृष्टीस पडते. समुद्रसपाटीपासूनची उंची १,९०० मीटरांहून अधिक. वरच्या टोकास मल्लीताल, खालच्या टोकास तल्लीताल आणि दोहोंना जोडणारा मॉल रोड, हा गावाचा कणा. मे-जूनमध्ये खालचा मुलूख तापू लागला की येथे शिडाच्या होड्यांची वर्दळ सुरू होते. डोंगरांमुळे वारा वारंवार दिशा बदलतो. त्यामुळे शीड सांभाळणाऱ्याचा येथे कस लागतो.

आपल्या वाचकांस विशेष वाटावे असे की, या गावाचा पाया एका व्यापाऱ्याने घातला. शहाजहानपूरचा साखरेचा व्यापारी बॅरन १८४१ मध्ये येथे आला आणि या जागेच्या मोहात पडला. जमिनीवर हक्क सांगणाऱ्या नूरसिंहाला त्याने होडीतून सरोवराच्या मध्यावर नेले आणि बुडविण्याची धमकी देऊन हक्कसोडीवर त्याची सही घेतली, अशी हकिगत सांगितली जाते. दोन्ही पक्षांची राजीखुशी नसलेल्या अशा व्यवहारास आपल्या पेढीवर कोणी सौदा म्हणणार नाही.

पुढे गाव झपाट्याने वाढले. १८ सप्टेंबर १८८० रोजी, अतिवृष्टीनंतर, शेर-का-डांडा डोंगराचा कडा कोसळला आणि १५१ माणसे दगावली. नैनादेवीचे मंदिरही ढिगाऱ्याखाली गेले. ते नंतर पुन्हा उभारण्यात आले. आज जेथे मुले क्रिकेट खेळतात, त्या 'फ्लॅट्स' मैदानाच्या विस्तारात त्या दरडीच्या मातीचा वाटा आहे. या आघातानंतर डोंगरउतारांवर दगडी नाल्यांचे जाळे बांधण्यात आले. पावसाचे पाणी जमिनीत मुरून उतार खचू नयेत, ते सुरक्षितपणे खाली उतरावे, हा त्यामागील हेतू होता.

आयुष्य बँकेच्या नोकरीत गेल्यामुळे मला होड्यांइतकेच हे नाले पाहावेसे वाटले. त्यांत कचरा व राडारोडा साचला, तर तो थेट सरोवरात उतरतो. जवळच सूखाताल नावाचे छोटे तळे आहे. ते पावसाळ्यात भरते आणि त्याचे पाणी जमिनीखालून झिरपत मोठ्या सरोवरास मिळते. उन्हाळ्यात कोरडे दिसते म्हणून तेथे भराव टाकणे म्हणजे ठेवीची पावती रद्दी समजून फाडण्यासारखे आहे. नैनीतालचे पिण्याचे पाणीही मुख्यतः या सरोवराच्याच आधारावर आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात पातळी इतकी खालावली की काठाचा गाळ उघडा पडला.

पर्यटनाचे उत्पन्न हे व्याज आहे. सरोवर, त्याचे नाले आणि सूखाताल हे मुद्दल आहे. मुद्दलाला हात लावून चाललेली पेढी काही वर्षे भरभराटीची दिसते, मग एकाएकी बसते. आपण नैनीतालला अवश्य जावे, नौकाविहाराचा आनंद घ्यावा. मात्र मुक्कामी पाणी बेताने वापरावे आणि आपला कचरा नाल्यात जाणार नाही याची काळजी घ्यावी. पाहुण्यानेही यजमानाचे मुद्दल राखावे, हीच आपल्या घरांतील रीत आहे.