नकाशावरील पिवळा रंग

भूगोलाच्या तासाला नकाशे रंगविण्याचें काम आमच्या मुलांस फार आवडतें. समुद्र निळा, रान हिरवें, डोंगर तपकिरी, इतकें त्यांस पाठ असतें. परंतु आणखी एका प्रकारचा नकाशा असतो. शाळेंतील नकाशा जमीन पाहून काढतात. हा दुसरा नकाशा पाहून जमीन घडवितात. त्यास विकास आराखडा म्हणतात. त्यांत पिवळा रंग म्हणजे राहत्या घरांची जागा, निळा व्यापाराची, जांभळा कारखान्यांची आणि हिरवा शेतीची. आपल्या वडिलांचें खाचर ह्यांपैकीं कोणत्या रंगांत पडतें, हें वेल्ह्याकडील आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक नसतें. त्यांच्या वडिलांस मात्र हल्लीं तें ठाऊक असतें. कारण जमीन विकत घेण्यास येणारा मनुष्य पहिला प्रश्न तोच विचारतो.

वेल्हें हें शहर नव्हे. तोरणा व राजगड ह्या किल्ल्यांच्या पायथ्याचा हा डोंगराळ तालुका. आतां तालुक्यास राजगड हें नांव मिळालें आहे, तरी लोकांच्या तोंडीं वेल्हें कायम आहे. खालीं भाताचीं खाचरें, वर उतारावर नाचणी-वरईची वरकस जमीन, आणि पावसाळ्याचे चार महिने चिखल. अशा मुलखाचा शहरांतील घरबांधणीशीं काय संबंध, असें पालकांपैकीं कोणी विचारतील. संबंध जुना आहे, आणि तो प्रथम पाण्यावाटे आला.

१२ जुलै १९६१ रोजीं ह्याच तालुक्यांतील आंबी नदीवरचें पानशेत धरण, बांधकाम पुरें होण्यापूर्वींच, फुटलें. त्या लोंढ्यापुढें खालचें खडकवासल्याचें धरणही टिकलें नाहीं, आणि पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. हजारों कुटुंबें बेघर झालीं. त्यांस पुनः वसविण्यासाठीं गांवाबाहेर नव्या वसाहती उभ्या राहिल्या. सहकारनगर, लोकमान्यनगर, गोखलेनगर हीं नांवें आज पुणेकरांच्या इतकीं सरावाचीं झालीं आहेत कीं, त्यांच्या मागें तो पूर होता हें नव्या पिढीस सांगावें लागतें. पुढें नदीच्या दोन्ही तीरांस पूररेषा आंखण्यांत आल्या. पंचवीस वर्षांतून एकदां येऊं शकेल अशा पुराची रेषा निळी, व शंभर वर्षांतून एकदां येऊं शकेल अशाची लाल. निळ्या रेषेच्या आंत घर बांधूं नये, असा नियम आहे. नियम आहे, एवढेंच आम्ही म्हणतों.

पानशेतचें धरण पुनः बांधलें गेलें. शेजारीं मोसे नदीवर वरसगांवचें धरण झालें. खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर ह्या चार धरणांत मिळून सुमारें २९ टीएमसी पाणी मावतें. त्यांपैकीं २३ टीएमसीहून अधिक एकट्या पानशेत व वरसगांव ह्या दोहोंत आहे. पुण्याचे नळ ह्याच पाण्यावर चालतात. ज्यांचीं घरें ह्या पाण्याखालीं गेलीं, त्यांतील कांहीं कुटुंबें दौंडकडील सपाट मुलखांत गेलीं, कांहीं पाण्याच्या कांठानें वर सरकून राहिलीं. वर सरकलेल्यांस वाटलें असेल कीं, आतां आपणांस कोणी हलविणार नाहीं. डोंगराच्या उताराचा शहरास काय उपयोग?

उपयोग निघाला. महाराष्ट्र शासनानें १९९६ मध्यें थंड हवेच्या ठिकाणीं नवीं नगरें वसविण्याविषयीं एक खास नियमावली केली, आणि १ जून २००१ रोजीं मुळशी व वेल्हे तालुक्यांतील १८ गांवें त्या नियमावलीखालीं घातलीं. वरसगांवच्या जलाशयाच्या कांठीं लवासा नांवाचें शहर तेथें उभारावयाचें होतें. इटलींतील पोर्तोफिनो ह्या बंदरासारखें त्याचें रूप असावें, डोंगरांत पांच नगरें वसावीं, दोन-तीन लाख माणसें तेथें राहावीं, अशी ती कल्पना. मुळशी तालुक्यांतील दासवे हें पहिलें नगर खरोखर उभें राहिलें. पाण्याकांठीं ओळीनें रंगीत इमारती, फरसबंदी रस्ते, पूल. आम्हीं तें पाहिलें आहे, आणि बांधणाऱ्यांच्या हातांस कला होती हें आम्ही नाकारणार नाहीं. डोंगरांतून गेलेला रस्ताही उत्तम आहे. पूर्वीं आजाऱ्यास झोळींत घालून नेणाऱ्या लोकांस त्याची किंमत आमच्याहून अधिक कळते.

परंतु आमच्या मतें ह्या प्रकरणांतील महत्त्वाची गोष्ट इमारती नव्हे, तर नकाशा कोणाच्या हातीं होता ही होय. आपल्या इकडे नगररचनेचा कायदा जुना आहे. मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं झालेला कायदा हा हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा पहिला. आज चालतो तो १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम. त्याची रीति साधी आहे. नियोजन करणाऱ्या संस्थेनें आधीं प्रारूप आराखडा प्रसिद्ध करावा, लोकांनीं हरकती व सूचना लिहून द्याव्या, त्या ऐकून घ्याव्या, आणि मग शासनानें मंजुरी द्यावी. ही संस्था बहुधा नगरपालिका, महानगरपालिका किंवा शासनाचें प्राधिकरण असते. लवासाच्या बाबतींत जून २००८ मध्यें विशेष नियोजन प्राधिकरणाचे अधिकार शहर बांधणाऱ्या कंपनीसच देण्यांत आले. म्हणजे ज्यानें उत्तरपत्रिका लिहिली, तिच्यावर गुण मांडण्याची पेन्सिलही त्याच्याच हातीं दिली. विद्यार्थी कितीही प्रामाणिक असला तरी असें कोणत्याही शाळेंत करीत नाहींत. आणि त्याचें कारण विद्यार्थ्याविषयींचा संशय हें नसतें.

कंपनीनें शहर वसवूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. इंग्लंडांत लेचवर्थ नांवाचें उद्याननगर १९०३ सालीं एका कंपनीनेंच सुरू केलें. एबेनेझर हॉवर्ड नांवाच्या एका लघुलेखकाची ती कल्पना. त्यानें १८९८ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें होतें. परंतु तेथें भागीदारांचा नफा शेंकडा ५ पेक्षां अधिक नसावा अशी मर्यादा होती, आणि वस्ती वाढून जमिनीस जी किंमत येईल ती त्या गांवाच्याच कामीं यावी असा उद्देश होता. शेतावर शहर वसलें म्हणजे जमिनीची किंमत वाढते, ही गोष्ट लेचवर्थांत व मोसे खोऱ्यांत सारखीच आहे. ती वाढ कोणाच्या पदरीं पडावी, येथें दोन्ही वाटा फुटतात.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. नोव्हेंबर २०१० मध्यें केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानें काम थांबविण्याचा आदेश दिला. वर्षानें, नोव्हेंबर २०११ मध्यें, अटींवर पहिल्या टप्प्यास, सुमारें २,००० हेक्टरांस, परवानगी मिळाली. मधल्या काळांत कर्ज वाढलें. २०१७ मध्यें कंपनीचे नियोजनाचे अधिकार काढून ते पुणें महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे गेले. ऑगस्ट २०१८ मध्यें प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढें आलें. जुलै २०२३ मध्यें एका खरेदीदाराची १,८१४ कोटींची योजना मंजूर झाली, परंतु पैसे भरले गेले नाहींत, म्हणून २०२४ मध्यें ती मंजुरी रद्द झाली. ह्या घडामोडींत ज्यांनीं जन्माची पुंजी घालून तेथें घरें नोंदविलीं होतीं, त्यांच्याविषयीं वर्तमानपत्रांत फार थोडें येतें. ते कोणी धनाढ्यच होते असें नव्हे. निवृत्तीनंतर डोंगरांत राहूं, असें म्हणणारीं साधीं नोकरदार माणसेंही त्यांत होतीं. खोऱ्यांतल्या शेतकऱ्यानें जमीन दिली आणि शहरांतल्या नोकरदारानें पैसा दिला. नकाशा काढतांना दोघांसही कोणी विचारलें नव्हतें.

पवित्र शास्त्राच्या तासाला आम्ही नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट शिकवितों. अहाब राजानें नाबोथास याहून चांगला मळा देऊं केला, किंवा रोख किंमत देऊं केली, तरी नाबोथ वाडवडिलांचें वतन देईना. शहरांतून आलेलीं मुलें प्रत्येक वर्षीं एकच प्रश्न विचारतात कीं, चांगला मळा मिळत असतां त्यानें तो घेतला कां नाहीं? गोष्टीचा पुढचा भाग, खोटे साक्षीदार व धोंडमार, त्यांस सहज समजतो. हा नकार समजत नाहीं. आमच्या खोऱ्यांतील जमिनी राजानें हिसकून घेतल्या असें नाहीं. बहुतेक विकल्याच गेल्या. म्हणून ही गोष्ट येथें जशीच्या तशी लागू करूं नये, असें आम्ही मुलांस सांगतों.

कारण विकणाऱ्याची बाजूही आम्हीं ऐकली आहे. वेल्ह्याकडील एक पालक मागें एक कागद वाचून घेण्यास शाळेंत आले होते. त्यांच्या उतारावरच्या जमिनीचे पांच-पांच गुंठ्यांचे तुकडे पाडून शहरांतल्या लोकांस विकावयाचे होते, व ‘लवकरच पिवळा पट्टा होणार’ असें दलालानें सांगितलें होतें. आम्हीं त्यांस सांगितलें कीं, झोन दाखला प्राधिकरणाकडून लेखी मिळतो, दलालाच्या तोंडून मिळत नाहीं. आणि बिनशेती परवानगीवांचून घेणाऱ्याला तेथें घर बांधतां येणार नाहीं. ते शांतपणें ऐकत होते. मग म्हणाले, “सर, तुमचं खरं आहे. पण त्या वरकसांत वर्षाला नाचणी किती होते, आणि हा कागद किती देतो, तें तुम्हीच मांडून बघा. पोरीला पुढं शिकवायची आहे.” आम्हीं मांडून पाहिलें. आंकडे त्यांच्या बाजूचे होते. त्यांनीं उतार विकला व खालचें खाचर ठेवलें. त्यांची मुलगी आमच्याकडे नववींत आहे.

वेल्हे तालुक्याचा कांहीं भाग पुणें महानगर प्रदेशांत मोडतो. त्या प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यावर हजारों हरकती आल्या, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि २०२५ मध्यें शासनानें तो आराखडाच रद्द केला. म्हणजे नकाशा पुनः कोरा झाला आहे व तो पुनः रंगविला जाईल. तो प्रसिद्ध झाल्यावर हरकत घेण्याची मुदत दिवसांत मोजतात, आणि आमच्या अनुभवाप्रमाणें डोंगरांतल्या वाडीस बातमी पोहोंचेपर्यंत तींतले बरेचसे दिवस निघून जातात.

म्हणून यंदा नववीच्या वर्गांत आम्हीं जुन्या प्रारूपाचीं कांहीं पानें मोठीं करून भिंतीस लावलीं, व ज्याचें त्यानें आपलें गांव शोधावें असें सांगितलें. पहिल्या तासांत फार गोंगाट झाला. कित्येकांस उत्तर दिशा कोणती हेंच कळेना. तिसऱ्या तासाला उपर्युक्त मुलीनें आपली वाडी शोधून काढली, आणि बराच वेळ तेथें बोट ठेवून उभी राहिली. तिच्या खाचराच्या वरच्या अंगानें जो ओढा वाहतो, तो त्या पानावर दाखविलेलाच नव्हता. “सर, इथं ओढा आहे. पावसांत आम्हांला ओलांडतां येत नाहीं,” ती म्हणाली. ओढा नाहीं, तर त्याच्या कांठीं सोडावयाची मोकळी जागाही नाहीं. कोणी तेथें घर बांधलें तर कागदोपत्रीं तें कोरड्यांतच असेल. आम्हीं तिला निळी पेन्सिल दिली. तिनें रेघ ओढली, पण ओढ्याचें नांव काय लिहावें तें तिला येईना. घरीं सारे त्याला नुसता ओढाच म्हणतात. सुट्टींत आजोबांस विचारून येतें, असें तिनें कबूल केलें आहे, आणि तोंवर तें पान भिंतीवरून काढूं नये असें आम्हांस बजावून गेली आहे.