जीपच्या सुट्या भागांच्या शोधात : सांगली ते काश्मिरी गेट

थोरल्या बंधूंची, म्हणजे आमच्या अण्णांची जीप बरीच वर्षे सांगलीच्या मार्केट यार्डात, आडत दुकानाच्या मागे ताडपत्रीखाली उभी होती. महिंद्राची सीजे-थ्री-बी, १९६८ सालची, पेट्रोलवर चालणारी. हळदीच्या खरेदीसाठी थेट शिवारापर्यंत जाता यावे म्हणून वडिलांनी ती घेतली होती. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाड्या रुतत, तेव्हा ही गाडी पुढची चाके लावून सावकाश बाहेर पडत असे. मी बँकेतून निवृत्त झालो त्या आठवड्यात अण्णांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि म्हणाले, "आता तुला वेळ आहे. हिला रस्त्यावर आण."

गाडी रस्त्यावर आली खरी. पण दुसऱ्याच वर्षी वैशाखात तिने आम्हाला आंबा घाटात धडा दिला. रत्नागिरीला लग्नासाठी निघालो होतो. शेजारी अण्णा, मागे त्यांची दहा वर्षांची नात. घाट उतरून साखरप्याकडे जाताना एका वळणापूर्वी ब्रेकवर पाय दिला, तर पेडल सरळ तळाला टेकले. या जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरवणारा मास्टर सिलिंडर एकेरी असतो. एका चाकाची गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. गाडी दुसऱ्या गियरमध्ये होती. पहिला गियर या पेटीत धावत्या गाडीला सहज पडत नाही, दात करकरतात. हँडब्रेक मात्र वेगळ्या जागी, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्यावर काम करतो. तो दोन्ही हातांनी ओढला आणि डोंगराच्या अंगाच्या गटारात गाडी घातली. कोणाला खरचटलेही नाही. नातीने विचारले, "आजोबा, आपण का थांबलो?" अण्णा काही बोलले नाहीत. मीही नाही.

साखरप्याच्या मेस्त्रीने चाक उघडले. आतल्या व्हील सिलिंडरची रबरी कप भिजवलेल्या बेदाण्यासारखी फुगून मऊ पडली होती. तो सिलिंडर मीच चार महिन्यांपूर्वी एका दुकानातून घेतला होता. "ओरिजनलच आहे साहेब, फक्त डबा नाही," असे दुकानदार म्हणाला होता. बिल मागितले तेव्हा त्याने कर वाचवण्याची भाषा केली आणि चारशे रुपये कमी घेतले. छत्तीस वर्षे लोकांच्या कर्जप्रकरणांत तारण तपासणाऱ्या माणसाने ते चारशे रुपये आनंदाने खिशात घातले. तारण म्हणून या वेळी मागे नात बसलेली होती.

त्यानंतर सुटे भाग कोठे घ्यावेत, हा माझ्यासाठी हौसेचा प्रश्न राहिला नाही. गेल्या दीड वर्षात त्यासाठी जे बाजार पाहिले, त्यांचे हे वर्णन.

प्रथम गाडीविषयी थोडेसे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी बनलेल्या विलिज जीपचा हा वंश. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईच्या माझगावात तिची जुळणी सुरू केली. थ्री-बीचे बॉनेट उंच असते, कारण त्याखालच्या हरिकेन इंजिनाचे हेड उंच आहे. युद्धकाळातील इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते, तर या इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. पिस्टनचा व्यास आणि धाव मात्र दोन्हींत सारखीच, म्हणून पिस्टन-रिंगांपुरते दोन्ही चालतात; हेडचे गॅस्केट मात्र एकाचे दुसऱ्याला बसत नाही. हा फरक ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकाला बाजार हमखास ओळखतो.

पुण्यात मी आधी नाना पेठेत गेलो. वाहनांच्या सुट्या भागांची ही जुनी पेठ. दाटीवाटीची, पण हिशेबाने चोख. बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही फेरी मारली. तेथे जीपचा एक सुंदर हॉर्न आणि मीटरची पितळी कड मिळाली. दिसणारे, अंगावर मिरवायचे सामान तेथून जरूर घ्यावे, गाडी थांबवणारे सामान घेऊ नये. नाना पेठेत ब्रेकच्या रबरी भागांसाठी मी एक साधा नियम करून घेतला : बंद डब्यातला माल, डब्यावर निर्मात्याचे नाव आणि उत्पादनाचा महिना, आणि पक्के बिल. रबर कपाटात पडूनही म्हातारे होते. दहा वर्षांपूर्वीचा 'अस्सल' माल आजच्या नव्या मालाहून वाईट ठरू शकतो. आणि डब्यातील रबर कितीही चांगले असले तरी त्याला खनिज तेल लागता कामा नये. मेस्त्री लोक पार्ट पेट्रोलने किंवा डिझेलने धुतात, ही सवय घातक. ब्रेकचे भाग ब्रेकच्याच तेलाने धुवावेत.

मुंबईत ऑपेरा हाउसच्या आसपास सुट्या भागांची दुकाने अनेक पिढ्यांपासून आहेत. आपल्यापैकी पुष्कळांना हा भाग हिऱ्यांच्या पेढ्यांमुळे माहीत आहे. पंचरत्न इमारतीतून बहुतेक पेढ्या पुढे वांद्रे-कुर्ला संकुलात गेल्या, पण सुट्या भागांचे दुकानदार बऱ्याच संख्येने येथेच राहिले. एका दुकानात मी बेअरिंग मागितली. वृद्ध मालकांनी जीपचे नावही ऐकून घेतले नाही. "जुनी बेअरिंग आणली आहे?" मी पिशवीतून काढून दिली. त्यांनी तिच्या कडेवर ठोकलेला आकडा भिंगातून वाचला आणि कपाटातून तोच आकडा असलेली नवी काढून दिली. बेअरिंग आणि ऑइल सील ही जीपची नसतात, ती आकड्यांची असतात, हे मला त्या दिवशी कळले. 'जीपचे म्हणून' घ्यायला गेलो असतो तर दुप्पट मोजले असते.

कुर्ल्याच्या भंगार बाजारात मी एकदाच गेलो. तेथे उतरवलेली इंजिने, गियरपेट्या, दारे सारे काही मिळते. मात्र इंजिनावर नंबर असतो आणि त्या नंबराला मालक असतो. नोंदणी रद्द झाल्याचे कागद दाखवता येत नसतील, तर असा ब्लॉक फुकट मिळाला तरी घरी आणू नये. दुकानदाराच्या मते मी अतिशंकेखोर होतो. बँकेतही ग्राहक असेच म्हणत.

दिल्लीला गेलो तो एका नातेवाइकांच्या लग्नाच्या निमित्ताने, पण दोन दिवस जास्तीचे ठेवून. लाल किल्ल्याच्या पुढचे मेट्रो स्थानक काश्मिरी गेट. १८५७ साली ज्या दरवाजावर तोफा-सुरुंग चालले, तो अजून उभा आहे. जवळच स्किनर यांनी बांधवलेले सेंट जेम्स चर्च. आणि या दोहोंच्या अवतीभवती अरुंद गल्ल्यांमधून पसरलेला सुट्या भागांचा घाऊक बाजार. हातगाड्या, पाठीवर क्राउन-पिनियनची खोकी वाहणारे हमाल, चहाचे ग्लास, आणि प्रत्येक दुकानाचे एकच एक व्रत. कोणी फक्त गॅस्केट विकतो, कोणी फक्त क्लच-प्लेट, कोणी फक्त स्टीअरिंगचे सांधे. आपण 'जीपचे सामान द्या' म्हणालो तर कोणी लक्ष देत नाही. "कौन सा?" एवढाच प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर नेमके द्यावे लागते.

मला मागच्या आसाचा क्राउन-पिनियन हवा होता. आमच्या गाडीत क्राउनला ४३ दात आणि पिनियनला ८. बाजारात ३९ ला ८ असा जोडही सर्रास मिळतो, दिसायला जवळपास तोच. पण पुढचा आस एका प्रमाणाचा आणि मागचा दुसऱ्या, असे झाले तर चारही चाके जोडताच दोन्ही आस एकमेकांशी भांडू लागतात आणि काहीतरी मोडल्याशिवाय ते भांडण मिटत नाही. दुकानाच्या फळीवर बसून मी एकेक दात खडूने खूण करत मोजला. तरुण दुकानदार हसत होता. त्याच्या वडिलांनी मात्र त्याला दटावले आणि मला चहा मागवला. ते म्हणाले, "गिननेवाला ग्राहक वापस झगड़ा करने नहीं आता." बिल त्यांनी न मागता दिले.

मायापुरीही पाहिली. दिल्लीत दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना मनाई झाल्यापासून मोडीत निघणाऱ्या गाड्यांचा ओघ तेथे मोठा आहे. जुन्या गियरपेट्यांची रास पाहून शौकिनाचे मन हरखते. पण याच मायापुरीत २०१० साली लिलावात विकलेल्या प्रयोगशाळेच्या उपकरणातून किरणोत्सारी कोबाल्ट भंगारात आले आणि एका कामगाराचा जीव गेला. भंगारात काय आले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, ही गोष्ट त्या राशींसमोर उभे राहिल्यावर अंगावर येते. मी तेथून केवळ एक ट्रान्स्फर केसचे झाकण घेतले. ओतीव लोखंडाचे झाकण. त्यात लपण्यासारखे काही नव्हते.

हरियाणातील मंडी डबवाली येथे तर जुन्या जीपा अख्ख्याच नव्याने बांधून मिळतात. पुतण्याचा आग्रह होता की तेथून डिझेल इंजिन बसवून घ्यावे. पेट्रोलचा खर्च निम्म्याने कमी होईल. हिशेब त्याचा चुकीचा नव्हता. मी त्याच्यापुढे २०२१ चा नियम ठेवला. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूप न बदललेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. शुल्क वीस हजार, नोंद दहा वर्षांची, नूतनीकरण पाच हजारांत. मात्र चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. "काका, रोज कोण चालवणार आहे?" तो म्हणाला. मग डिझेल कशाला, हे त्याचे त्यालाच उमगले.

परदेशातूनही भाग मागवता येतात. अमेरिकेत विलिज जीपचे सामान विकणाऱ्या पेढ्यांची पुस्तिका पाहिली. चित्रे आणि क्रमांक उत्तम. पण डॉलर, वाहतूक आणि सीमाशुल्क मिळवून आकडा तिप्पट होतो, आणि तेथील शौकीन वापरतात त्यांपैकी कित्येक भागांवर भारतात बनल्याचा शिक्का असतो. पुस्तिका मात्र मी ठेवून घेतली. आमच्याकडच्या दुकानात क्रमांक सांगायला तिच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

आणि काही भाग कोठेच मिळाले नाहीत. स्प्रिंगच्या शॅकलचे बुश बाजारात होते, पण आमच्या झिजलेल्या भोकात ते खुळखुळत. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात कातून घेतले. घरापासून पन्नास किलोमीटर. टर्नरने भोक मापले, गनमेटलचा तुकडा लावला आणि तासाभरात आठही बुश हातात ठेवले. दीड वर्ष देशभर हिंडून शेवटचे काम शेजारच्या गावात झाले, याची घरात अजून थट्टा होते.

साऱ्या पावत्या मी एका फायलीत लावल्या आहेत. पावसाळ्यानंतर एका रविवारी मी एकटाच आंबा घाट उतरून, साखरप्याला चहा घेऊन, परत वर आलो. संध्याकाळी अण्णांनी फाइल मागितली, चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली. मग मागच्या वेळच्या त्या सिलिंडरची पावती कोठे आहे, असे विचारले. नाही, म्हटले. त्यांनी फाइल मिटली, नातीला हाक मारली आणि उद्या सकाळी किती वाजता निघायचे, ते तिला विचारायला सांगितले.