नाझ्काच्या रेषा

‘दुरून डोंगर साजरे’ ही म्हण आपण नेहमीं उपरोधानें वापरतों. परंतु जगांत असेंही एक स्थळ आहे कीं, जेथें दूर राहणें हीच पाहण्याची खरी रीत होय. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत, नाझ्का गांवाजवळच्या वाळवंटांत, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं जमिनीवर काढलेलीं प्रचंड चित्रें आहेत. पाठीवर पडशी टाकून, लिमा राजधानीहून सुमारें ४५० किलोमीटर दक्षिणेस मोटारीनें जाऊन, आम्हीं तीं एका चिमुकल्या विमानांतून पाहिलीं.

विमानांत बसण्यापूर्वीं प्रत्येकाचें वजन करतात व तोल साधेल अशा बेतानें जागा नेमून देतात. उड्डाण अवघें अर्ध्या तासाचें. दोन्ही बाजूंच्या उतारूंस दिसावें म्हणून प्रत्येक चित्रावर विमान आधीं एका कुशीवर व मग दुसऱ्या कुशीवर कलतें. पोटांत ढवळत होतें, तरी खिडकीवरून दृष्टि हलेना. प्रथम नुसत्या सरळ रेषा. मग सुमारें ४६ मीटर लांबीचा कोळी, शेपटीचें वेटोळें केलेलें माकड, लांब चोंचीचा हमिंगबर्ड पक्षी!

ह्या चित्रांत रंग नाहीं कीं कोरीव काम नाहीं. वरचे तांबूस काळसर खडे बाजूस सारले कीं खालची फिकट माती उघडी पडते, एवढीच त्यांची करामत. पाऊस जवळ जवळ नाहींच, म्हणून तीं टिकलीं. पण जें खडे सारून झालें तें पावलानेंही मोडतें. हमरस्त्यानें सरड्याच्या चित्राचे दोन तुकडे केले आहेत. १९९४ मध्यें युनेस्कोनें हें स्थळ जागतिक वारशांत घेतलें. तरीहि २०१४ मध्यें निदर्शकांच्या पावलांचे ठसे हमिंगबर्डाजवळ उमटले, आणि २०१८ मध्यें एक मालमोटार रेषांवरून गेली. उलट मारिया राइखे (१९०३–१९९८) ह्या जर्मन विदुषीनें ह्याच रेषा मोजण्यांत व झाडूनें स्वच्छ करण्यांत आपलें आयुष्य वेंचलें.

ज्यांनीं हीं चित्रें काढलीं त्यांजपाशीं विमान नव्हतें. मग काढलीं कोणासाठीं? पुष्कळ आकृति एकाच अखंड रेषेनें काढलेल्या आहेत. त्यावरून कांहीं विद्वानांस वाटतें कीं, त्या रेषांवरून लोक विधिपूर्वक चालत असावेत. हा तर्क आम्हांस फार जवळचा वाटतो. प्रदक्षिणा ही पाहण्याची वस्तु नव्हे, करण्याची आहे. ती करणाऱ्यास तिचा आकार दिसत नाहीं, आणि त्याचें त्याला कांहीं उणें वाटत नाहीं. तसें असेल तर आम्हीं अर्ध्या तासांत जें पाहिलें तें त्यांना कधींच दिसलें नाहीं, आणि त्यांच्या पायांखालीं जें होतें तें आम्हांस वर्ज्य आहे.

पडशी घेऊन हिंडणाऱ्यास आपल्या पायांचा मोठा अभिमान असतो. जेथें पाय पोंचला तेंच आपण पाहिलें, असें तो मानतो. नाझ्काच्या वाळवंटांत मात्र पाय आवरणें हीच यात्रा होय.