चाळकेवाडीचे सरडे

४ मार्च
पीएचडीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह परीक्षेची तारीख लागली, जूनमध्ये. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात टॅबेबुया गुलाबी फुललाय, फोटोवाल्यांची झुंबड आहे. रात्री साताऱ्याहून आईचा फोन. "सरड्यांवर पीएचडी करतोस, हे चारचौघांत सांगायची सोय नाही बघ." मग मी नेहमीचा तोडगा काढतो : आमचं सेंटर फॉर इकॉलॉजिकल सायन्सेस १९८३ मध्ये पुण्याच्या माधव गाडगीळांनी उभं केलं. पुणं म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडतो.

९ मार्च
दिवसभर शेपटीचे तुकडे. तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा, अल्कोहोलची कुपी, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी. पेनाची शाई अल्कोहोलात धुऊन जाते. तुकड्यातून डीएनए काढायचा, जनुकाचा एक भाग वाढवून वाचायचा, इतरांशी ताडून वंशवृक्ष मांडायचा. तेवढ्याने भागत नाही. भिंगाखाली खवले मोजायचे, नराच्या गळ्याखालचा पडदा छातीवर कुठवर येतो ते बघायचं.

वर्गीकरणाच्या या कामाला 'बरण्यांचं शास्त्र' म्हणून नाक मुरडणारे आमच्या बॅचमध्येही आहेत. त्यांना मी साताऱ्याजवळचं चाळकेवाडीचं पठार दाखवतो. तिथला निळ्या-काळ्या-नारिंगी गळ्याचा सरडा कित्येक वर्षं 'सिताना पाँटिसेरियाना' म्हणूनच खपत होता. हे नाव क्युव्हिएने १८२९ मध्ये दिलेलं, पाँडिचेरीच्या सरड्याला! २०१६ मध्ये व्ही. दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंत आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि ठेवण दोन्ही तपासून 'सराडा' ही नवी प्रजातीच वेगळी काढली. आपला चाळकेवाडीचा तो सराडा सुपर्बा.

१७ मार्च
जर्नल क्लब. चर्चेला शोधनिबंध २०१८ चा, मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांचा. जागा तीच, चाळकेवाडी. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी. त्यामुळे सरडे वाढले, निर्धास्त झाले. माणूस अगदी जवळ येईपर्यंत हलत नाहीत. रक्तात ताणाचं संप्रेरकही कमी. पण अंगाने रोडावलेले, नरांच्या गळ्याचे रंग फिके. गर्दीत खाण्यासाठी चढाओढ होत असणार. त्याच्या दोन वर्षं आधीच्या, 'सराडा'च्या वर्गीकरणाच्या निबंधावरही झांबरे आणि भोसले आहेत. मला हे बोलकं वाटतं. कोण कुठला ते ठरल्याशिवाय तो काय करतो हे विचारणार कसं?

मग वाद पेटला. एकजण म्हणाला, चक्क्या बंद करा. दुसरा म्हणाला, मग वीज काय हवेतून येणार? (इथे तर हवेतूनच येते, पण ते असो.) माझं म्हणणं एवढंच, की कातळपठार दिसलं की सरकारी कागदावर 'पडीक' लिहून ते आंदण देऊन टाकायचं, हे थांबायला हवं.

२९ मार्च
आईला सगळं सांगितलं. "घारी-ससाणे गेले म्हणजे सरड्यांची चंगळच की." मग रोडके का, ते समजावलं. थोडं थांबून म्हणाली, "आणि पिल्लं? ती कमी होतात का रे मग?"

जर्नल क्लबात हे कुणी विचारलं नव्हतं. गाइडना सांगितलं तर म्हणाले, संशोधनाच्या प्रस्तावात टाक, फक्त माद्या मोजणार कशा ते आधी लिही. नर सोपे, एप्रिल-मे महिन्यांत दगडावर चढून गळा फुलवतात. माद्या गवतात दिसतच नाहीत. शुक्रवारच्या रात्रीच्या बसचं तिकीट काढलंय. हायवे थेट साताऱ्यावरूनच जातो.